घेर, गाभा आणि साल : गडचिरोलीच्या रानातील खोडे कशी वाढतात

झाडाची वाढ दोन दिशांनी होते. लांबी वाढते ती फांद्यांच्या आणि मुळांच्या टोकांशी. जाडी वाढते ती सालीच्या आत, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पसरलेल्या एका पातळ थरात. आलापल्लीच्या जंगलात सागाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला केलेली खूण पन्नास वर्षांनीही छातीच्याच उंचीला सापडते. झाड मधल्या काळात कितीही उंच गेलेले असो. वनखात्याची मोजणी याच भरवशावर चालते. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळून घेर नोंदवला जातो आणि पुढच्या मोजणीला टेप पुन्हा तिथेच लावला जातो. मात्र या घेरात साल धरलेली असते. लाकूड किती हे सांगायचे तर सालीची जाडी वजा करावी लागते, आणि ही जाडी साग, ऐन, तेंदू, धावडा अशी झाडागणिक बदलते. घेर आणि साल या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, त्या एकत्र पाहाव्या लागतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, म्हणजे १९८२ पूर्वीच्या एका चंद्रपूर जिल्ह्यात, हा विषय पुस्तकाबाहेर काढून पाहायला उत्तम जागा आहे. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने जमीन सुकत जाते, फेब्रुवारीपासून पानगळीचा थर साचतो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो. पानझडी जंगलाला लागणाऱ्या आगी याच काळातल्या. जाड होण्यासाठी मिळणारा अवधी थोडा आणि जपून राहण्याचा काळ लांब, असे हे हवामान आहे. इथल्या झाडांच्या खोडात दोन्ही गोष्टी स्पष्ट उमटतात.

वनस्पतीच्या पेशी एकत्र येऊन ज्या ऊती बनतात, त्यांचे दोन मोठे गट पडतात. विभाजी ऊतींच्या पेशी लहान, पातळ भित्तिकेच्या, जीवद्रव्याने भरलेल्या असतात आणि सतत दुभंगत राहतात. स्थायी ऊतींनी दुभंगणे सोडून एखादे काम पत्करलेले असते. मूल ऊती अन्न साठवतात, जखम झाली तर पुन्हा विभागू लागतात. स्थूलकोन ऊती कोवळ्या भागाला न मोडता वाकण्याची ताकद देतात. दृढ ऊतींच्या पेशी लिग्निनने कडक होऊन बहुधा मरून जातात आणि मेल्यावरच खऱ्या कामाला लागतात. जलवाहिन्या पाणी वर नेतात, रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर खाली आणि इतरत्र पोचवतात. झाडाच्या देहात मेलेल्या पेशींचा वाटा फार मोठा असतो. प्राण्यांच्या शरीरशास्त्रावरून झाडाकडे येणाऱ्याला हे आधी पटत नाही. प्रौढ सागाच्या खोडातला बराचसा भाग निर्जीव आहे, आणि झाड उभे आहे ते त्याच्याच जोरावर.

सागाचा पावसाळ्यात फुटलेला कोवळा धुमारा हातात घेतला तर तो गोल नसून चौकोनी लागतो. साग आता तुळशीच्या कुळात गणला जातो, आणि अंगणातल्या तुळशीच्या कोवळ्या काडीलाही चार कोन असतात. तुळशीत या कोनांशी स्थूलकोन ऊतींचे पुंजके असतात. काडीचा आडवा छेद घेतला तर बाहेर अपित्वचेचा एकपेशी थर, त्याच्या आत मूल ऊतींचा पट्टा, मग वर्तुळात मांडलेले वाहक वृंद आणि मधोमध भेंड दिसते. प्रत्येक वृंदात रसवाहिनी बाहेरच्या अंगाला आणि जलवाहिनी आतल्या अंगाला असते. या दोहोंच्या मध्ये विभाजी पेशींची एक चिंचोळी रांग शिल्लक राहते. हेच कँबियम. सुरुवातीला ते तुकड्या-तुकड्यांनी असते. पुढे दोन वृंदांमधल्या मूल ऊतीच विभाजी बनतात, तुकडे जोडले जातात आणि कँबियमचे पूर्ण कडे तयार होते. तिथून खोड जाड व्हायला लागते आणि दोन-तीन हंगामांत चौकोनी धुमाऱ्याची गोल बल्ली होते. कोन मात्र अगदीच नाहीसे होत नाहीत: जुन्या सागाच्या छेदात मधल्या भेंडाचा आकार चौकटीकडे झुकलेला आढळतो.

कँबियमची पेशी दुभंगली की दोन पेशींपैकी एक कँबियम म्हणून राहते आणि दुसरी कामाला लागते. ती आत राहिली तर लाकूड होते, बाहेर राहिली तर रसवाहिनी. आत जाणाऱ्या पेशींची संख्या बाहेर जाणाऱ्यांच्या कितीतरी पट असते. आतले लाकूड थरावर थर साचत राहते. बाहेरची जुनी रसवाहिनी चेपली जाऊन सालीत मिसळते आणि शेवटी गळून पडते. झाडाच्या खोडात लाकूड एवढे आणि साल एवढीशी का, याचे उत्तर यातच आहे. कँबियमपुढे आणखी एक अडचण असते. आतले लाकूड वाढले की त्याच्या स्वतःच्या कड्याचा परीघही वाढावा लागतो, म्हणून काही पेशी परिघाला समांतर भिंतीने न दुभंगता त्रिज्येच्या दिशेच्या भिंतीने दुभंगतात आणि कड्यात नव्या पेशींची भर घालतात. कँबियममध्ये लांबट आणि आखूड अशा दोन जातींच्या पेशी असतात. लांबट पेशींपासून वाहिन्या आणि तंतू होतात. आखूड पेशींपासून किरण होतात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या, अन्नपाणी आडवे नेणाऱ्या जिवंत पेशींच्या पट्ट्या. सुताराने रंधा मारलेल्या काही लाकडांवर चकाकणारे ठिपके दिसतात ते बहुधा या किरणांचे.

सागाचे कँबियम वर्षभर काम करत नाही. उन्हाळ्याअखेर नवी पाने फुटू लागतात तेव्हा ते जागे होते, पावसाळ्यात भरात येते आणि थंडीकडे वळताना थांबते. हंगामाच्या आरंभी तयार होणाऱ्या वाहिन्या रुंद असतात. एकाएकी फुटलेल्या एवढ्या मोठ्या पानांना पाणी पुरवायचे तर रुंद नळ्या लागतात. उत्तरार्धातल्या वाहिन्या बारीक आणि विरळ, तंतू दाट. पुढच्या वर्षी पुन्हा रुंद वाहिन्यांची ओळ सुरू होते आणि तिच्यालगत मूल ऊतींची एक फिकट रेघ असते. त्यामुळे सागाचे वर्षवलय भिंगावाचून डोळ्यांना दिसते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांमध्ये वलये इतकी स्वच्छ नसतात, म्हणून भारतीय वलय-अभ्यासात सागाला मान आहे. तरी वलये मोजणे वाटते तितके सोपे नाही. पावसाळ्यात मध्येच मोठी उघडीप पडली तर कँबियम मंदावते आणि पुन्हा पाऊस लागला की रुंद वाहिन्या काढते. असे खोटे वलय एकाच वर्षात दोन वर्षांचा भास करून देते. एकाच झाडावर विसंबून चालत नाही. अनेक झाडांच्या वलयांचे क्रम एकमेकांशी जुळवून पाहावे लागतात.

हे काम प्रत्यक्ष आलापल्लीच्या सागावर झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील सोमारू राम, बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी इथल्या सागाच्या वलयांची मालिका बांधली आणि तिचा पावसाशी, तापमानाशी व ओलाव्याच्या निर्देशांकांशी संबंध तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा अभ्यासात झाड पाडावेच लागते असे नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढता येते. आलापल्लीच्या मालिकेतून पुढे आलेली गोष्ट अशी, की वलयाची रुंदी नुसत्या पावसाच्या आकड्यापेक्षा मुळांच्या पट्ट्यात टिकलेल्या ओलाव्याशी अधिक घट्ट बांधलेली आहे. चार मुसळधार दिवसांत वाहून गेलेले पाणी नोंदवहीत पाऊस म्हणून दिसते. सागाच्या खोडात ते उमटत नाही. पर्जन्यमापकाने दिलेला आकडा आणि झाडाच्या हाती आलेले पाणी यांत अंतर असते, हे शेतकऱ्याला ठाऊकच असते. इथे ते वलयांवरून मोजता आले.

लाकूड जसजसे जुने होते तसे आतले थर पाणी वाहण्याचे काम सोडतात. शेजारच्या मूल ऊती वाहिन्यांच्या पोकळीत फुगवटे काढून त्या बुजवतात. किरणांतल्या जिवंत पेशी मरण्यापूर्वी तेल, राळ, टॅनिन, रंगद्रव्ये अशी संयुगे भरून ठेवतात. बाहेरचे फिकट, पाणी वाहणारे ते रसकाष्ठ आणि आतला गडद गाभा ते मध्यकाष्ठ. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात आणि वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. त्याच सागाचे पांढरे रसकाष्ठ मात्र ती खाऊन टाकते. आलापल्लीच्या सागाला मोल आहे ते या गाभ्याचे. २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी जो साग गेला, त्याच्या निवडीत गाभा किती आणि पांढरे किती हा प्रश्न आलाच असणार. कोणत्याही लाकूड आगारात पहिली नजर तिकडेच जाते. तेंदूचा गाभा काळा, पण वेडावाकडा आणि पट्ट्यापट्ट्यांचा असतो. बिजाच्या गाभ्यातून पाण्यात रंग उतरतो, आणि त्याचे पेले करून पाणी पिण्याची पद्धत मधुमेहावरचा उपाय म्हणून प्रसिद्ध आहे. सालईचे लाकूड पांढरे आणि मऊ. खोक्यांपलीकडे त्याला फारशी किंमत मिळाली नाही.

गाभा मेलेला असतो, म्हणून तो गेला तरी झाड जगते. ढोली पडलेला मोह वर्षानुवर्षे फुले देतो, कारण पाणी नेणारे रसकाष्ठ आणि त्याबाहेरचे कँबियम शाबूत असते. उलट बाजूने पाहिले तर केवळ साल पूर्ण कड्याने काढली तरी आतले लाकूड जागच्या जागी असूनही झाड मरते. इटलीच्या मार्सेलो माल्पिघी यांनी सतराव्या शतकात फांद्यांची साल कड्याने काढून पाहिली. पाने लगेच कोमेजली नाहीत, पण कड्याच्या वरच्या कडेला फांदी फुगली. पाणी लाकडातून वर चढत होते आणि खाली जाणारे अन्न कड्यापाशी अडत होते. ब्रह्मदेशातल्या सागतोडीत हेच तत्त्व एक पाऊल पुढे नेले होते. तिथे साल आणि रसकाष्ठ दोन्ही छेदून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळू देत, म्हणजे ओंडका नदीत तरंगे. केवळ साल काढली तर मुळे उपाशी पडून झाड सावकाश जाते, आणि रसकाष्ठही तोडले तर पाणीच बंद होऊन लवकर जाते. जखम किती मोठी यापेक्षा ती किती खोल आणि खोडाला पूर्ण वेढणारी आहे का, यावर झाडाचे मरण ठरते.

कँबियमच्या बाहेर लगेच असते ती अंतर्साल, म्हणजे चालू रसवाहिनी. गोड, ओली आणि जिवंत असल्याने तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. पळस आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा सोंड खुपसतो ती इथपर्यंत. हत्तीलाही ती हवी असते. अहेरीकडच्या कमलापूरला वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे. सागाचे ओंडके ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींची परंपरा तिथे आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळपही जिल्ह्यात आला. हत्ती सुळ्याने साल उचकटून सोलतो ती या आतल्या थरासाठीच. माणसाला मात्र अंतर्सालीतून हवे असतात ते तंतू. माहुलाच्या वेलाची साल ठेचून वळलेला दोर इथल्या खेड्यांत पूर्वापार वापरात होता. कुंभीची तंतुमय साल सावकाश धुमसत राहते, म्हणून तोड्याच्या बंदुकांच्या काळात तिच्या वाती करत. हे तंतू दृढ ऊतींचे असतात आणि रसवाहिनीच्या मऊ पेशींना आधार देतात.

खोड जाड होऊ लागले की बाहेरची अपित्वचा ताणली जाते. तिच्या पेशी बहुधा वाढत्या घेराशी मेळ ठेवू शकत नाहीत आणि ती फाटते. ती फाटण्याआधीच तिच्याखाली दुसरे विभाजी कडे उभे राहिलेले असते, त्याला त्वक्षाकर म्हणतात. कँबियम आत लाकूड देते, तसा त्वक्षाकर बाहेरच्या बाजूला बुचाच्या पेशी देतो आणि आतल्या बाजूला मूल ऊतींचा एक लहानसा थर. बुचाच्या पेशी दाट, एकमेकींना चिकटून ओळीने बसलेल्या असतात. भित्तिकांवर सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य चढते आणि पेशी मरते. आत हवा राहते. पाणी बाहेर पडत नाही, बुरशी आत शिरत नाही, उष्णताही सहज आत जात नाही. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप ठेवला आणि त्यातले रिकामे कप्पे पाहिले. जीवशास्त्रातले पेशीचे पहिले वर्णन ते हेच, म्हणजे ते मेलेल्या सालीचे होते. बूच हवाबंद असल्याने आतल्या जिवंत पेशींना श्वास घ्यायला वाट ठेवावी लागते. ठिकठिकाणी त्वक्षाकर सैल, मोकळ्या पेशींचा उंचवटा काढतो, ती वल्करंध्रे. कोवळ्या फांद्यांवरचे खरखरीत ठिपके बहुधा तेच असतात.

पहिला त्वक्षाकर कायमचा नसतो. काही झाडांत तो पुष्कळ वर्षे टिकतो, बऱ्याच झाडांत थोड्या वर्षांनी त्याच्या आत, जुन्या रसवाहिनीत, नवा त्वक्षाकर उभा राहतो. नव्याचा बुचाचा थर तयार झाला की त्याच्या बाहेरच्या सगळ्या पेशींचे अन्नपाणी तुटते आणि त्या मरतात. असे थर एकावर एक साचून जी निर्जीव बाह्यसाल होते, तिलाच रोजच्या बोलण्यात साल म्हणतात. सालीचा पोत कसा होणार हे नवा त्वक्षाकर कुठल्या आकारात उभा राहतो यावर बरेचसे ठरते. तो पूर्ण कड्यासारखा आला तर साल मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटते. लहान लहान कमानींनी एकमेकांवर चढत आला तर खवले आणि ढलप्या पडतात. मधल्या रसवाहिनीत तंतू भरपूर असतील तर साल उभ्या चिरांनी फाटून धाग्याधाग्यांनी लोंबते.

ताडोब्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या रानात या साऱ्या तऱ्हा पाहायला मिळतात. नदीनाल्यांच्या काठचा अर्जुन पिंगट-पांढऱ्या, गुळगुळीत सालीचे मोठे पापुद्रे टाकतो. धावडा पातळ, करड्या खपल्या सोडतो. सागाची साल पातळच, उभ्या उथळ चिरांची आणि तंतुमय. तेंदूची काळी साल चौकोनी तुकड्यांत तडकलेली असते. ऐनाची तडकण त्याहून खोल, मगरीच्या पाठीसारखी, आणि प्रौढ झाडावर ती दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड भरते. कोवळ्या काटेसावरीवरचे शंकूच्या आकाराचे काटे सालीचेच असतात. ते बुचकट असून लाकडाशी त्यांचा संबंध नसतो, म्हणून आडव्या दाबाने सहज निघतात आणि झाड मोठे झाल्यावर बुंध्यावरून बरेचसे नाहीसे होतात. कुलू किंवा कांडोळ या झाडाची वाट वेगळीच आहे. त्याची साल कागदासारखी पातळ, पांढरट असून सतत सुटत राहते, म्हणून ताडोब्यात पर्यटकांना ते ‘भुताचे झाड’ म्हणून दाखवले जाते. पापुद्र्याखालचा थर हिरवट असतो. उन्हाळ्यात झाड निष्पर्ण असताना त्या थराला प्रकाश मिळतो आणि थोडेफार अन्न तिथे तयार होऊ शकते. जाड सालीने ही सोय बंद केली असती. प्रत्येक झाडाला जाड साल फायद्याचीच असते हे गृहीत धरणे म्हणूनच चुकीचे आहे.

जाड सालीचा खरा उपयोग आगीच्या वेळी कळतो. कँबियमच्या पेशी साधारण साठ अंश तापमानाला मरतात. पानगळीच्या आगीच्या ज्वाळा याहून कितीतरी तप्त असतात, पण त्या एका जागी फार वेळ थांबत नाहीत. त्यामुळे साल उष्णतेला किती काळ रोखून धरते यावर कँबियमचे जगणे-मरणे ठरते. हा काळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट तर वेळ सुमारे चौपट. दुप्पट जाडीच्या ऐनाचे आणि कोवळ्या सागाचे नशीब एकाच आगीत इतके वेगळे का, हे या एका नात्याने समजते. सागाचे, ऐनाचे, तेंदूचे रोप आगीत वरून जळते, पण जमिनीखालचे मूळ वाचते आणि दरवर्षी थोडे जाड होत जाते. असा धुमारा अनेक वर्षे येतो आणि जळतो. एखाद्या वर्षी मुळात साठा पुरेसा झाला आणि आग चुकली, की तो धुमारा एका हंगामात झपाट्याने उंच जातो, साल जमवतो आणि आगीच्या कह्यातून सुटतो. तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी होणारी खुटकटाई मुळांच्या याच ताकदीवर आधारलेली आहे. झुडूप कापले की मुळांवरून नवे फुटवे येतात आणि विडीला लागणारी कोवळी, एकसारखी पाने त्यांच्यावर मिळतात. पत्त्यासाठी कापणीऐवजी आग लावली तरी फुटवे येतात खरे, पण शेजारच्या रोपांना त्याची किंमत मोजावी लागते.

मोहाच्या झाडावर आगीचा परिणाम निराळा दिसतो. मार्च-एप्रिलात पहाटे फुले गळतात. ती वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे. मोठ्या मोहाची साल एक-दोन वेळची धग सोसते. पण पाचोळा बुंध्याच्या ज्या अंगाला दरवर्षी जास्त साचतो, तिथली धग जास्त वेळ टिकते आणि कधीतरी तेवढ्याच भागातले कँबियम मरते. वर्षभर बाहेरून काही कळत नाही. मग तिथली साल सुटते आणि उघडे लाकूड दिसते. पुढच्या वर्षीची आग आता सालीला न लागता सरळ लाकडाला लागते, बुरशी आणि वाळवी त्या वाटेने आत शिरतात आणि बुंध्याशी त्रिकोणी ढोली तयार होते. पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा फुले झेलायला खाली जाळी बांधणे, एवढ्याने हे टळते. सालीवर बाहेरून मातीचे थर चढवणाऱ्या वाळवीला मात्र लोक उगाच भितात. ती बहुधा मेलेली बाह्यसाल खात असते आणि जिवंत भागाला तिचा उपद्रव थोडा असतो.

जखम कँबियमपर्यंत पोचली, पण खोडाला वेढून गेली नाही, तर झाड ती भरून काढते. कडेच्या जिवंत पेशी दुभंगून किणाचा गोल कंगोरा तयार करतात, त्यात नवे कँबियम उभे राहते आणि दोन्ही बाजूंनी कंगोरे एकमेकांकडे सरकतात. ते मिळाले की साल बंद होते. आतले जुने, उघडे पडलेले लाकूड मात्र पूर्ववत होत नाही, ते नव्या थरांखाली तसेच गाडले जाते. करवतीवर पडलेल्या ओंडक्यात एखादा जुना खिळा किंवा वणव्याचा काळा डाग सापडतो तो असा. वाघाने नखांनी ओरबाडलेल्या खुणा पुष्कळदा बाह्यसालीतच राहतात आणि काही वर्षांत ढलप्यांबरोबर गळून जातात. मोहावर चढणाऱ्या अस्वलाच्या नखांचेही तसेच.

डिंक हा जखमेवरचाच प्रतिसाद. धावडा, कुलू, सालई या झाडांना घाव घातला की डिंक किंवा राळ पाझरते आणि उघडी जागा बंद करते. रानातून पैसा देणारी ही वस्तू झाडाच्या दृष्टीने मलमपट्टी आहे. घाव उथळ आणि एकमेकांपासून दूर असले तर कँबियम सावरते. जास्त उत्पन्नाच्या लोभाने कुलूला खोल आणि लागून लागून घाव घातले की तो सडू लागतो. औषधासाठी अर्जुनाची साल काढतानाही हाच नियम लागू पडतो. खोडाच्या एका अंगाने, उभ्या पट्टीत, आतला पातळ थर शिल्लक ठेवून साल घेतली तर उरलेल्या जिवंत पेशींतून ती पुन्हा भरते. लाकूड उघडे पडेपर्यंत तासली तर भरत नाही, आणि चहूकडून सोलली तर माल्पिघींच्या फांदीची गत होते.

या सगळ्या नियमांना बगल देणारी वनस्पतीही याच जंगलात विपुल आहे. बांबूला कँबियम नसते. त्याचे वाहक वृंद खोडभर विखुरलेले असतात आणि त्यात जाडी वाढवणारी रांगच शिल्लक राहत नाही. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारे वास्ते जेवढे जाड, तेवढाच पुढचा बांबू जाड. पेरांच्या बुडाशी असलेल्या विभाजी ऊती एकामागून एक पेर लांबवतात आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठली जाते. पुढची दोन-तीन वर्षे घेर न वाढता फक्त तंतूंच्या भित्तिका जाड होतात आणि त्यांत लिग्निन भरते. बांबू कापण्याच्या नियमांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बांबू राखायला सांगतात ते यासाठी. कोवळा बांबू दिसायला तयार असतो, वजन पेलायला नसतो. तंतूंचे प्रमाण बाहेरच्या कडेला दाट आणि आत विरळ, आणि अपित्वचेत सिलिका असते. बुरूड बांबू चिरताना बाहेरची कामटी आणि आतला मऊ भाग वेगळा काढतो तो हा फरक हाताला कळत असल्यामुळे. बुचाची साल नसल्याने बांबूला आगीपासून आडोसाही नसतो. जमिनीखालचा कंद वाचला तर बेट पुन्हा उठते.

कायद्याने मात्र बराच काळ बांबूला झाडच ठरवले होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या ‘वृक्ष’ या व्याख्येत ताडवर्गीय झाडे, बांबू आणि वेत यांचा समावेश होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकार हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले होते आणि जुना अधिनियम त्याला लाकूड समजत होता, भांडण तिथेच अडकले होते. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ च्या दुरुस्तीने. ताड आणि वेत तिथेच राहिले, ऊतींच्या हिशेबाने ते बांबूचेच सोबती असूनही.

सिरोंच्याकडच्या ताडाची गोष्ट थोडी निराळी. ताडाचे रोप पहिली काही वर्षे उंच न जाता बुडाशीच रुंद होते. शेंड्याखालच्या विभाजी ऊती खोडाची पुरी जाडी आधी तयार करतात आणि मग ते वर निघते. त्यानंतर घेर जवळजवळ कायम राहतो. कँबियम नसल्याने जखम भरत नाही. शिंदीच्या खोडावर रस काढण्यासाठी दरसाल आलटून पालटून दिलेल्या छेदांच्या खाचा झाड असेपर्यंत तशाच राहतात. माहुलाची वेल मात्र कँबियम असूनही गोल होत नाही. तिचे खोड काही भागात जास्त आणि काही भागात कमी वाढून चपटे, खाचखळग्यांचे होते. खोडात मऊ आणि कडक ऊतींची सरमिसळ असल्याने पीळ बसला किंवा आधाराचे झाड कोसळले तरी वेल तुटत नाही.

सिरोंचा तालुक्यातल्या वडधम येथील जीवाश्म उद्यानात ज्युरासिक काळातल्या झाडांची शिळा झालेली खोडे आहेत. फुलझाडे तेव्हा पृथ्वीवर रुजायची होती आणि ही खोडे सूचिपर्णी वर्गातल्या झाडांची. त्या वर्गाच्या लाकडात सागासारख्या रुंद वाहिन्या नसतात. पाणी नेणे आणि भार पेलणे ही दोन्ही कामे एकाच जातीच्या लांबट पेशी करतात. पाण्यातल्या सिलिकेने या पेशींच्या भित्तिका आणि पोकळ्या भरल्या म्हणून लाकडाची घडण दगडात उतरली. अशा खोडांवर साल सहसा आढळत नाही. कँबियम आणि त्यालगतचे नवे थर हे खोडातले सगळ्यात नाजूक पेशींचे असल्याने वाहून येताना साल तिथूनच सुटते, आणि गाळात गाडला जातो तो बहुधा उघडा ओंडका.